५४ मिलीमीटरचा मावळा: पुट्टीत घडवण्यापासून साच्यात ओतण्यापर्यंत

दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून आणलेला मातीचा मावळा हातात घ्या आणि त्याच्या कानामागून खांद्यावरून खाली बोट फिरवा. एक बारीक शिवण हाताला लागेल, आणि तशीच दुसऱ्या बाजूलाही. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्हीत माती दाबायची आणि ओली असतानाच जोडायची. त्या मावळ्याची तलवार छातीला चिकटलेली का असते, ढाल पोटाला टेकलेली का असते, पायांच्या मधे मातीचा पडदा का ठेवलेला असतो, या सगळ्याचं उत्तर त्या शिवणीत आहे. हात बाहेर काढला असता तर तो साच्यातून सुटलाच नसता. ज्याने तो पहिला मावळा घडवला त्याच्या डोक्यात घडवतानाच साचा होता.

हे मी सुरुवातीलाच सांगतोय कारण पुतळा छान जमला की मगच साच्याचा विचार करायचा ही चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली, आणि त्यात महिनाभर खपून केलेली मूळ प्रत जाते. तर या लेखात आपण एक शिवकालीन पायदळातला माणूस, ढाल तलवारवाला, ५४ मिमी उंचीचा, एपॉक्सी पुट्टीत (दोन भाग एकत्र मळले की कडक होणाऱ्या लगद्यात) घडवणार, त्याचा दोन भागांचा रबरी साचा करणार, आणि त्यातून रेझिनच्या (म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या) किंवा कथलाच्या प्रती काढणार. एकच प्रत हवी असेल तर साच्याच्या भानगडीत पडू नका, पण किल्ल्यावर उभं करायचं असेल तर एकटा मावळा काय करणार. शिवाजी महाराजांच्या पायदळात सगळ्यात लहान तुकडी नाईकाची, साधारण दहा जणांची, असे पाच नाईक मिळून एक हवालदार. निदान एक नाईकाची तुकडी तरी व्हायलाच हवी.

माप ५४ मिमीच का? लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्यात १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला लागले आणि त्यांच्यामुळे हे माप जगभर रुळलं. हिशेबालाही सोपं आहे, कारण ते जवळपास १:३२ पडतं, म्हणजे खऱ्या वस्तूचं माप सेंटीमीटरमधे घ्या, ३२ ने भागा, झालं. वॉरगेमिंगवाले, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांनी लढाईचा खेळ खेळणारे, २८ मिमी वापरतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने तिकडे जाऊ नये, चेहरा साडेतीन चार मिलीमीटरचा होतो आणि डोळे फुटतात.

आधी माणूस ठरवा

पुट्टी उघडण्याआधी तो माणूस कोण आहे हे कागदावर लिहून काढा. बारा मावळातला डोंगरी पाईक की कोकणातला हेटकरी? हेटकरी बंदुकीसाठी नावाजलेले, म्हणजे त्याच्या हातात तोड्याची बंदूक येणार, कमरेला दारूचं शिंग येणार आणि जळता तोडा, म्हणजे बार पेटवायची वात, कुठेतरी दाखवावा लागणार. मी पहिल्या प्रयत्नाला ढाल तलवारच सुचवतो, बंदूक लांब आणि सरळ असते, साच्यात वाकते.

कपड्यांसाठी सिरियल आणि पोस्टर बघू नका प्लीज. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे कपडे, एकसारखे पट्टे, असा गणवेश त्या पायदळाला नव्हता, ज्याचा त्याचा कपडा असायचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून एक चित्रसंच करून घेतला होता, तो आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यात घोड्यावरचे महाराज आणि बरोबर चालणारे पायदळातले लोक आहेत. त्याचे फोटो नेटवर मिळतात, मोठे करून बघत बसा. शस्त्रांसाठी मात्र फोटोवर भागवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्यात केळकर संग्रहालयात, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधे खरी शस्त्रं आहेत, तिथे जाऊन तलवारीची मूठ बाजूने कशी दिसते ते बघा. आपण समोरून काढलेले फोटो बघतो आणि मुठीची जाडी आपल्याला कळतच नाही.

एक बारकावा: त्या काळी अंगरख्याचे बंद हिंदू माणूस डाव्या बगलेकडे बांधायचा आणि मुसलमान उजव्या. महाराजांच्या सैन्यात दोन्ही होते. पण बंद कुठे आहेत हे ठरवून करा, चुकून नको.

मापं मी अशी धरतो. तळव्यापासून टाळूपर्यंत ५४, पगोटं त्याच्यावर वेगळं. माणूस साडेसात डोकी उंच असतो म्हणजे डोकं हनुवटी ते टाळू ७.२ मिमी. जांघ बरोबर मध्यावर, २७ वर. गुडघा जमिनीपासून साधारण १५ वर. खांदे १४ रुंद, पाऊल ८, पंजा ६. तलवार खरी ९० सेंटीमीटर धरली तर २८ मिमी, ढाल ४५ ते ५० सेंमी म्हणजे १४ ते १६ मिमी, भाला आठ साडेआठ फुटी तर ८० मिमी. हे सगळं एका कागदावर खऱ्या आकारात काढा, समोरून आणि बाजूने, आणि त्याची झेरॉक्स काढून टेबलावर चिकटवा. दर अर्ध्या तासाने आकृती त्या कागदावर आडवी ठेवून बघायची, हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सवय आहे.

आणि त्याच कागदावर लाल पेनाने शिवण काढा, म्हणजे साचा कुठून दोन होणार ती रेषा. डोक्याच्या मधून, कानामागून, खांद्यावरून, हाताच्या कडेने, पायाच्या बाहेरून खाली आणि आतून वर. रेषेच्या पुढचं सगळं पुढे सुटलं पाहिजे, मागचं सगळं मागे. जिथे काहीतरी आत वळून अडकतंय, म्हणजे अंडरकट आहे, तिथे दोनच उपाय, एकतर पोझ बदला नाहीतर तो भाग वेगळा ओता. रबर लवचिक असल्यामुळे एखादा मिलीमीटर अंडरकट माफ असतो. मातीच्या मावळ्याच्या प्लास्टरच्या साच्यात तेवढीही मुभा नसते, म्हणून तो इतका बंदिस्त असतो.

मी ढालीचा हात, तलवारीचा हात आणि डोकं असे तीन भाग वेगळे ठेवतो. मग एकाच धडावर वेगवेगळी डोकी आणि हात बसवून दहा वेगळी माणसं करता येतात, आणि गणवेश नसलेल्या सैन्याला ते शोभतं.

सांगाडा

तांब्याची २० गेजची तार, म्हणजे साधारण ०.९ मिमी जाड, मोटर वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते, तो तुकडा फुकटही देतो. एक लांब तार दुमडून दोन पाय, वर एकत्र पिळून मणका. खांद्याची आडवी तार इथे लावायची नाही कारण हात वेगळे आहेत, त्याऐवजी खांद्यात हात बसायला नंतर भोक पाडू. पायाखाली १५ मिमी तार जास्तीची ठेवा आणि ती बाटलीच्या बुचात किंवा लाकडी ठोकळ्यात खोचा. हाच ठोकळा पुढचे दहा दिवस तुमचा हात धरायचा दांडा आहे, आकृतीला बोटं लागता कामा नयेत.

पोझ आत्ताच पूर्ण करा. एका पायावर भार असलेला माणूस उभा करा, म्हणजे त्या बाजूचं कंबरेचं हाड वर आणि खांदा किंचित खाली. दोन्ही पायांवर सारखा भार टाकलेला माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा दिसतो, पहाऱ्यावर असल्यासारखा नाही. तार वाकवताना स्वतः आरशासमोर ढाल म्हणून ताट धरून उभे राहा, खरंच सांगतो, कोपर कुठे जातो ते तेव्हाच कळतं.

मग तारेवर एकदम पातळ पुट्टीचा थर, नुसता तार झाकण्यापुरता, आणि रात्रभर वाळू द्या. ही पायरी लोक सोडतात. तारेवर जाड थर एकदम लावला तर तो तारेभोवती गोल फिरतो आणि तुम्ही नाकाला हात लावला की कंबर वळते.

पुट्टी आणि हत्यारं

या पहिल्या थराला आणि आतल्या भरावाला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं, पटकन कडक होतं, त्यामुळे बारीक कामाला वेळ देत नाही पण भरावाला छान. वरच्या कामाला निळी पिवळी एपॉक्सी पुट्टी, तिला सगळे ग्रीन स्टफ म्हणतात. ती पट्टीच्या रूपात येते आणि निळा पिवळा जिथे एकमेकाला चिकटलेले असतात तिथली दोन मिमीची रेघ आधीच कडक झालेली असते, ती ब्लेडने कापून टाका नाहीतर गालावर काम करताना मधेच खडा लागतो. निळा जास्त घेतला तर कडक होते, पिवळा जास्त तर मऊ आणि चिकट. चेहऱ्याला मी पिवळा किंचित जास्त घेतो, शस्त्रांना निळा जास्त. ग्रीन स्टफ वाळल्यावरही रबरासारखी राहते, पॉलिशपेपर नीट लागत नाही, म्हणून ढाल वगैरे धारदार कडेच्या वस्तूंसाठी त्यात अर्धी मिलीपुट, म्हणजे वाळल्यावर कडक होणारी दुसरी एपॉक्सी पुट्टी, मिसळा, मग घासता येते.

तासाभरात काम संपेल एवढीच पुट्टी एका वेळी मळा, वाटाण्याएवढी खूप झाली. लवकर वाळवायची असेल तर टेबल लॅम्पच्या साध्या पिवळ्या बल्बखाली ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत. दातांच्या डॉक्टरांच्या सामानाच्या दुकानात मेण कोरायचा चाकू मिळतो, तो एक. शिवणाची सुई बांबूच्या काडीत उलटी खोचलेली, म्हणजे नेढं बाहेर, ते नेढं बोटांच्या आणि पापणीच्या कामाला भारी पडतं. एक रबराच्या टोकाचा ब्रश, घड्या घोटायला. पाण्याची वाटी. व्हॅसलीन नखभर, पण ते लावलं असेल तर पुढच्या थराआधी भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, नाहीतर पुढचा थर सालासारखा निघतो.

अंग आणि मग कपडे

कपडे घालण्याआधी उघडं शरीर करा, पण बारीक. कपड्याची जाडी अर्धा मिलीमीटर तरी होणार आहे, ती आधीच वजा करून ठेवायची, तसं केलं नाही तर प्रत्येक मावळा पहिलवान दिसतो. सह्याद्रीत चढउतार करणारा माणूस काटक असतो, पोटऱ्या दाखवा, दंड फार फुगवू नका.

धड पूर्ण वाळलं की खालून वर कपडे. आधी चोळणा किंवा तुमान, मग अंगरखा, मग कमरेचा शेला, कारण खऱ्या आयुष्यातही माणूस त्याच क्रमाने कपडे घालतो आणि घड्या त्यामुळेच नीट पडतात. अंगरख्याचा घेर करायला पुट्टी पोळीसारखी लाटा, दोन थर पावडर लावून, अर्धा तास थांबा म्हणजे ती ताठ होईल, मग कापून कमरेभोवती लावा आणि लगेच काडीने घड्या पाडा. घड्यांचा नियम सोपा आहे, कापड जिथे ओढलं जातं तिथून घड्या सुटतात. शेला घट्ट बांधलाय तर त्याच्या वर आणि खाली किरणांसारख्या घड्या, काखेतून छातीकडे दोन तिरप्या, गुडघा वाकलाय तर गुडघ्यामागे आडव्या. कशीही नक्षी काढत बसू नका, प्रत्येक घडीला विचारा की तू कुठून आलीस.

घेराच्या खाली आतली पोकळी मात्र ठेवू नका. घेर आणि मांडी यांच्यामधली फट भरून टाका, वरून दिसत नाही आणि साच्यात रबराची पातळ जीभ तिथे अडकून पहिल्या पाच प्रतींतच तुटते.

डोकं

डोकं वेगळ्या तारेवर करा, एका वेळी चार पाच, त्यातली दोन चांगली निघतात. तारेवर अंड्याच्या आकाराचा गोळा, ६ मिमी उंच, वाळवा. त्यावर पातळ पुट्टी. आता मध्यावर, म्हणजे हनुवटी आणि टाळू यांच्या बरोबर अर्ध्यावर, दोन खड्डे दाबा. डोळे मध्यावर असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे ते वर करतात, कारण कपाळ पगोट्याखाली जाणार म्हणून आपण मनातच चेहरा छोटा करतो.

चेहरा ५ मिमी रुंद आहे, आणि चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी असते, म्हणजे एक डोळा १ मिमी. खड्ड्यात खसखशीच्या दाण्याएवढा गोळा ठेवा, सुईच्या नेढ्याने वरची पापणी ओढा, मग खालची. दोन्ही डोळे एकाच बैठकीत करा. नाकाला बारीक पाचर लावून बाजूने घोटा, ओठांची रेघ मारा आणि थांबा. वाळू द्या. मिशा आणि कल्ले दुसऱ्या दिवशी वेगळ्या पुट्टीने, म्हणजे हात घसरला तरी चेहरा शाबूत राहतो. गालफाडं थोडी बसलेली ठेवलीत तर रंग लावताना सावली आपोआप पडते.

पगोटं किंवा मुंडासं करताना आधी डोक्यावर टोपीसारखा घुमट करून वाळवा. मग पुट्टीच्या दोन वळ्या करा, चपट्या करा, सुईने त्यांच्यावर लांब रेघा मारा आणि कपाळावर तिरकी फुली पडेल अशा गुंडाळा, शेवट मागे खोचा. एक डोकं मुंडाशाचं, एकावर पगोटं, एक उघडं शेंडीवालं, एक घोंगडीची खोळ घेतलेलं. पावसाळ्यातला मावळा खोळ घेतल्याशिवाय असेल तरी कसा, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते दिवस जुलैचे होते.

शस्त्रं

तलवारीचं पातं ०.४ मिमी पितळी पत्र्यातून कापा, घासून धार द्या, मूठ पुट्टीत. मुठीची परज आणि मागची वाटी थोडी जाडच ठेवा, १ मिमीच्या खाली गेलात तर रेझिन तिथपर्यंत पोचत नाही. पातं अंगाशी टेकलेलं असेल तरच हातासोबत ओता, हवेत उगारलेली तलवार असेल तर पातं ओतू नका, प्रत्येक प्रतीला पितळी पातं वेगळं लावा. भाल्याचा दांडाही तसाच, स्टीलची तार नंतर बसवायची, मुठीत फक्त भोक. ओतलेला ८० मिमीचा दांडा मी आजवर सरळ राहिलेला पाहिला नाही.

ढाल करायला मोठ्या छर्‍याच्या किंवा गोल चमच्याच्या पाठीला व्हॅसलीन लावून त्यावर पुट्टीची चकती दाबा, वाळली की सुटते, कड घासून १५ मिमी करा. वर चार फुलं बसवा. ही चार फुलं शोभेची नाहीत, ढालीच्या मागे हात घालायच्या पट्ट्यांच्या कड्या ज्या खिळ्यांवर असतात त्यांची ती डोकी आहेत, म्हणून मागच्या बाजूला पट्टे बरोबर त्या फुलांच्या रेषेत आले पाहिजेत.

साचा

मूळ प्रत दोन दिवस वाळू द्या, धुवा, आणि तिच्यावर राखाडी प्रायमरचा हलका स्प्रे मारा. हिरव्या पुट्टीत न दिसलेल्या सगळ्या बोटांच्या खुणा आता दिसतील. दुरुस्त करा. इथे घाई केलीत तर तीच खूण प्रत्येक प्रतीवर येणार.

सिलिकॉन रबर दोन प्रकारचं मिळतं. टिन क्युअर म्हणजे शंभर ग्रॅमला दोन तीन ग्रॅम हार्डनर टाकायचं ते, मूर्तिकारांना माल देणाऱ्या दुकानात हेच असतं, स्वस्त आहे, थोडं आकसतं पण आपल्या कामाला पुरतं. दुसरं प्लॅटिनम क्युअर, ते महाग, आणि गंधक असलेली प्लॅस्टिसिन (मुलांची न वाळणारी रंगीत माती) किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले की तिथे चिकट राहतं, वाळतच नाही. नवख्याने टिनवालं घ्यावं. फक्त कथील ओतायचं असेल तर जास्त उष्णता सहन करणारंच रबर मागा, साधं करपतं.

किती लागेल? डबीची आतली जागा ५ × ४ × ८ सेंमी धरली तर १६० घनसेंमी, रबराची घनता साधारण १.१५, म्हणजे १८५ ग्रॅमच्या आसपास दोन्ही बाजू मिळून. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, अंदाजाने हार्डनर टाकू नका.

डबी फोमबोर्डची किंवा मुलांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची करा. तळाशी प्लॅस्टिसिनचा थर, त्यात धड पाठीवर झोपवा आणि लाल पेनाने काढलेल्या शिवणीपर्यंत बरोबर बुडवा. या एका कामाला दोन तास द्या. प्लॅस्टिसिन आकृतीला जिथे भिडते तिथे काटकोन झाला पाहिजे, फट किंवा उतार राहिला की प्रतीवर पातळ पापुद्रा येतो. मग पेनाच्या मागच्या टोकाने कडेने सहा सात खड्डे दाबा, ते खुंट्यांचं काम करतात, साचा बंद करताना दोन्ही भाग हलत नाहीत.

ओतायचं तोंड पायाकडून ठेवा, म्हणजे आकृती साच्यात उलटी टांगलेली. खांदे खाली गेले की बुडबुडे वर पायाकडे पळतात, आणि पायाखालची खराबी बेसमधे लपते. पण उलटं धरल्यावर जे जे टोक वर येतं, उदाहरणार्थ अंगरख्याची खालची कड, शेल्याचं लोंबतं टोक, तिथून हवा जायला सुईएवढी वाट वरपर्यंत काढा. उदबत्तीच्या काड्या प्लॅस्टिसिनवर दाबून ठेवल्या की वाटा आपोआप तयार होतात.

रबर हळूहळू ढवळा, भांड्याच्या कडा खरवडा. आधी ब्रशने घड्यांत आणि बारीक कामावर पातळ थर, मग डबीच्या एका कोपऱ्यात फूटभर उंचीवरून दोऱ्याएवढी धार सोडा आणि ते आपलं आपण चढू द्या. २४ तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी डबी उलटी करा, प्लॅस्टिसिन काढा, आकृती रबरातच राहू द्या. आणि आता, दुसरी बाजू ओतण्याआधी, वेगळं करणारं औषध लावा. रिलीज एजंट नसेल तर व्हॅसलीन टर्पेंटाइनमधे पातळ करून ब्रशने सगळ्या रबरावर, खड्ड्यांच्या आत, कडांवर, एक कणही न सोडता. रबराला रबरच सगळ्यात घट्ट चिकटतं. मी एकदा कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात लावायचं विसरलो, दोन्ही बाजू तिथून एकजीव झाल्या, ब्लेडने कापत कापत उघडताना माझ्या हेटकऱ्याचा कान आणि अर्धी मिशी गेली, आणि ते डोकं तसं परत मला जमलेलं नाही. तेव्हापासून लावून झालं की टॉर्च तिरका धरून तपासतो, जिथे चकाकत नाही तिथे लागलेलं नाही.

दुसरी बाजू ओता, परत २४ तास, मग हळूच उघडा. हात आणि डोकी छोट्या वेगळ्या साच्यात, तीच पद्धत.

ओतकाम: रेझिन

पॉलियुरेथेन रेझिन दोन बाटल्यांत येतं, बहुतेक सारख्या प्रमाणात मिसळायचं असतं पण आपल्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. हातात दोन तीन मिनिटंच असतात. त्याआधी साच्यात टाल्कम पावडर टाकून झटका, पावडरीमुळे रेझिन बारीक घडीत धावतं. साच्याच्या दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे आणि रबरबँड, फार घट्ट आवळलं तर आकृती चपटी होते. थोडं ओता, साचा तिरका करून टकटक करा, मग पूर्ण भरा. अर्ध्या तासात निघतं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर असा करा. ६५ किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ६५ लिटर. ३२ चा घन ३२,७६८, भागलं की २ घनसेंमी. कपडे, ढाल आणि बेस धरून चार. म्हणजे एक मावळा साडेचार ग्रॅम रेझिनमधे होतो, वाया जाणारं धरून सात आठ ग्रॅम.

रेझिनला पाणी चालत नाही. दमट हवेत त्यातून वायू सुटतो आणि प्रत आतून ब्रेडसारखी जाळीदार होते. जुलै ऑगस्टमधे मी रेझिन ओततच नाही, ते महिने घडवायचे आणि साच्याचे, ओतकाम नवरात्रानंतर, दिवाळीला नेमकं पोचतं. वाफ फुप्फुसाला वाईट, म्हणून खिडकी उघडी, नायट्राइलचे हातमोजे, आणि केमिकलच्या वाफेचा काडतूसवाला मास्क. कापडी मास्कने काही होत नाही.

ट्रॉफीवाले वापरतात ते पॉलिस्टर रेझिनही स्वस्त पडतं पण वास प्रचंड, आणि एक गोष्ट जिवावरची आहे: त्याचा हार्डनर आणि कडक होणं जलद करणारं कोबाल्ट हे दोन्ही एकमेकात थेट कधीही मिसळायचे नाहीत, पेट घेतं, स्फोट होतो. आधी एक रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. लहान मुलं मदतीला असतील तर प्लास्टर ऑफ पॅरिसच वापरा, नाजूक होतं पण मुलांना स्वतः ओतल्याचा आनंद मिळतो.

ओतकाम: कथील

धातूचा मावळा तळहातावर ठेवल्यावर जो वजनदार वाटतो तो आनंद रेझिनला नाही, हे मी मान्य करतो. तेच चार घनसेंमी कथलात तीस ग्रॅमच्या जवळ जातात. जुन्या सैनिकांत शिसं असायचं, तुम्ही घालू नका, हे मावळे पोरांच्या हातात जाणार आहेत आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक. इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या सोल्डरमधेही बहुतेक वेळा शिसं असतं. त्यापेक्षा कल्हईचं कथील घ्या. पुण्यात तांबट आळीच्या बाजूला, इतर गावांत भांड्यांच्या जुन्या पेठेत विचारा, कल्हईवाल्यांना माहीत असतं कुठे शुद्ध मिळतं.

कथील २३२ अंशाला वितळतं, ओतायला २७० च्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी बुडवा, हलकी तपकिरी झाली की बरोबर, लगेच काळी पडून धूर आला तर जास्त तापलंय. पळी या कामासाठी वेगळी, परत स्वयंपाकघरात जाणार नाही. खाली वाळूचा ट्रे, पायात बूट, अंगात सुती कपडे, डोळ्यांवर गॉगल, आणि आसपास पाणी अजिबात नको. तापलेल्या धातूत पाण्याचा एक थेंब पडला तर क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. साचाही आधी तासभर उन्हात किंवा कोमट ओव्हनमधे सुकवून घ्या.

पहिल्या दोन तीन प्रती अर्धवट येणारच कारण साचा थंड असतो, त्या परत वितळवा. साचा कोमट झाला की चेहरे उमटायला लागतात. एका दमात ओता, मधे थांबलात तर अंगावर आडवी रेघ येते. प्रत्येक वेळी ढालीचं एकच टोक अपुरं राहत असेल तर तिथे हवा अडकते आहे, ब्लेडच्या टोकाने रबरात केसाएवढी वाट काढा. शिवणीवर पायरी आली तर साचा सरकतोय, प्लायचे तुकडे मोठे घ्या.

जोडणी आणि रंग

शिवण ब्लेडच्या पाठीने खरवडा, कापू नका. साबणाने धुवा, रबराचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. हात आणि डोकी सुपरग्लूने लावा आणि इथे मोकळेपणाने फिरवा, एकाची मान डावीकडे, एकाची खाली, एकाचा ढालीचा हात छातीवर, एकाचा बाजूला. सांध्यांत थोडी पुट्टी.

रंगांत पांढरट सुती कापड जास्त ठेवा, न रंगवलेलं, किंचित मळकं. त्यात निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी नारिंगी अशा वनस्पतीच्या रंगांचे शेले आणि पगोटी. दहाच्या दहा भगव्या पगोट्यांचे नकोत, भगवा झेंड्याला ठेवा. घोंगडी काळी करताना शुद्ध काळा घेऊ नका, काळ्यात तपकिरी मिसळा, काळ्या मेंढीची लोकर उन्हात तशीच दिसते. वहाणा आणि पाऊल यांच्यावर शेवटी लाल मातीच्या पातळ रंगाचा हात फिरवा, गुडघ्याखाली दाट आणि वर विरळ.

बेस लावायचा की नाही ते कुठे उभा करणार यावर. कपाटात ठेवायचा असेल तर लावा. किल्ल्यावर ठेवायचा असेल तर लावू नका, प्रतीच्या टाचेत १ मिमीचं भोक पाडून त्यात दोन सेंटीमीटर तार बसवा. तटाची माती ओली असतानाच ती खोचायची, मग दिवाळीचे चारही दिवस फटाक्यांनी जमीन हादरली तरी मावळा पहाऱ्यावरून हलत नाही.